रेणूच्या माजघरात

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



उत्सवातली एक संध्याकाळ व्याख्यानासाठी ठेवण्याची आपल्या मंडळाची प्रथा आहे. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितले, ‘क्ष-किरणांच्या साहाय्याने रेणूंतील आतल्या इलेक्ट्रॉनांचा अभ्यास’. फोनवर थोडा वेळ शांतता पसरली. मग ते म्हणाले, “काका, उद्या पाककला स्पर्धा आहे, आज लोकांना घाबरवू नका.” मी त्यांना शब्द दिला आहे की घरातल्या वस्तूंपलीकडे मी जाणार नाही. तेव्हा सुरुवात आरतीच्या तबकातल्या कापरापासूनच करू.

कापराच्या एका रेणूत कार्बनचे १० अणू, हायड्रोजनचे १६ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. हे दहाही कार्बन एकसारखे असतात का? शाळेत आपण शिकलो की कार्बन म्हणजे कार्बन. सहा इलेक्ट्रॉन, त्यांपैकी दोन आतल्या कवचात आणि चार बाहेरच्या. रसायनशास्त्राचा सगळा संसार बाहेरचे चार इलेक्ट्रॉन करतात. आतल्या दोघांचा या व्यवहाराशी काही संबंध नाही, असे आमच्या पाठ्यपुस्तकात चक्क लिहिले होते.

ज्यांनी गावाकडचा वाडा पाहिला आहे त्यांना हे चटकन समजेल. वाड्याला ओसरी असते. पाहुणे, कुळे, हिशेब, भांडणे, सोयरिकी सारे ओसरीवर. आत माजघर. तिथली मंडळी बाहेर येत नाहीत, पण ओसरीवर काय चालले आहे ते माजघराला कळत नाही असे कधी झाले आहे काय? पाहुणा कर्ज मागायला आला की आत भांड्यांचा आवाज बदलतो. अणूचेही तसेच आहे. बाहेरच्या इलेक्ट्रॉनांनी शेजारच्या अणूशी काय देवघेव केली, हे आतल्या इलेक्ट्रॉनांना पक्के ठाऊक असते. प्रश्न एवढाच की त्यांना बोलते कसे करायचे?

माजघराचे दार उघडणारा किरण

बाहेरचे इलेक्ट्रॉन सैल बांधलेले असतात, आतले घट्ट. किती घट्ट हे मोजण्याचे माप म्हणजे इलेक्ट्रॉन-व्होल्ट. टॉर्चमधला साधा सेल दीड व्होल्टचा. त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना एका इलेक्ट्रॉनला दीड इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते. कार्बनच्या आतल्या इलेक्ट्रॉनला बाहेर काढायला साधारण २९० इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. दृश्य प्रकाशाच्या एका कणाजवळ जेमतेम दोन-तीन असतात, म्हणून सूर्यप्रकाशात माजघर सुरक्षित आहे. क्ष-किरणांची गोष्ट निराळी. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर वेगवान इलेक्ट्रॉन आदळवले की तिच्यातून १४८६.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे क्ष-किरण निघतात. हा आकडा ॲल्युमिनियमची निसर्गदत्त ओळख आहे, तो जगात कुठेही बदलत नाही.

आता १९०५ साली आइन्स्टाइन यांनी मांडलेला हिशेब. प्रकाशाचा कण आपली सगळी ऊर्जा एका इलेक्ट्रॉनला देतो. त्यातून सुटण्याची किंमत वजा होते आणि उरलेली ऊर्जा इलेक्ट्रॉनचा वेग होऊन बाहेर येते. आपण मीथेन घेऊ, म्हणजे गोबरगॅसमधला आणि इथल्या बसगाड्यांच्या सीएनजीमधला मुख्य वायू. त्याच्यावर ॲल्युमिनियमचे क्ष-किरण टाकले तर कार्बनच्या आतल्या कवचातून ११९५.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. १४८६.६ मधून ११९५.८ वजा केले की उरतात २९०.८. ही झाली मीथेनमधल्या कार्बनच्या आतल्या इलेक्ट्रॉनची बंधन-ऊर्जा. चौथीतला विद्यार्थी ही वजाबाकी करील. अवघड आहे ते बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा अचूक मोजणे.

इलेक्ट्रॉन वाटेत हवेच्या रेणूवर आपटला तर त्याची ऊर्जा बदलते आणि साक्ष बिघडते. म्हणून सगळे उपकरण पोलादी पात्रात, निर्वात ठेवावे लागते. इलेक्ट्रॉनांना दोन अर्धगोलांच्या मधल्या वाकड्या वाटेने नेतात. त्या गोलांवर विजेचा दाब असा ठेवतात की ठरावीक ऊर्जेचाच इलेक्ट्रॉन वळण घेऊन पलीकडे पोचावा. जास्त ऊर्जेचा बाहेरच्या भिंतीवर आदळतो, कमी ऊर्जेचा आतल्या. आपल्याकडे धान्य चाळायला वेगवेगळ्या चाळण्या असतात, तसाच हा प्रकार.

बाप आणि मुलगा

हे मोजमाप कामाच्या अचूकतेपर्यंत नेले ते स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील काय सीगबान यांनी. त्यांचे वडील मान्ने सीगबान यांना क्ष-किरणांच्या वर्णपटासाठी १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. वडील क्ष-किरण मोजत, मुलगा क्ष-किरणांनी बाहेर फेकलेले इलेक्ट्रॉन मोजू लागला. मुलाचे मूळ काम किरणोत्सर्गी पदार्थांतून निघणारे बीटा किरण मोजण्याचे. त्यासाठी बनवलेले नाजूक उपकरण त्यांनी या कामाला लावले. १९५४ मध्ये साध्या मिठाचा वर्णपट घेताना त्यांना अतिशय तीक्ष्ण शिखरे दिसली. पदार्थातून बाहेर येताना अजिबात ऊर्जा न गमावलेल्या इलेक्ट्रॉनांची ती शिखरे होती. त्यापूर्वीच्या संशोधकांना पुसट कडा दिसत, त्यांना रेषा मिळाली.

मग तांबे आणि तांब्याची ऑक्साइडे तपासताना लक्षात आले की एकाच मूलद्रव्याचे शिखर संयुगानुसार थोडे सरकते. पुढे सोडियम थायोसल्फेट घेतले. आपल्यापैकी ज्यांनी घरात अंधारखोली करून फोटो धुतले असतील ते याला ‘हायपो’ म्हणून ओळखतात. त्यात गंधकाचे दोन अणू. वर्णपटात गंधकाची दोन वेगळी शिखरे आली. एक गंधक मध्यभागी, तीन ऑक्सिजनांनी वेढलेला, दुसरा टोकाला. गंधक तोच, जागा वेगळी आणि माजघरातला आवाजही वेगळा. सीगबान यांनी या पद्धतीला ‘एस्का’ असे नाव दिले, म्हणजे रासायनिक विश्लेषणासाठी इलेक्ट्रॉन वर्णपटविज्ञान. त्यांच्या गटाचा पहिला मोठा ग्रंथ १९६७ मध्ये निघाला, मोकळ्या रेणूंवरचा दुसरा १९६९ मध्ये. १९८१ साली त्यांना नोबेल मिळाले. एकाच घरात, एकाच क्ष-किरणांच्या पायी, दोन नोबेल!

शिखर का सरकते? समजा कार्बनच्या शेजारी ऑक्सिजन आला. ऑक्सिजन हावरा, तो बाहेरचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो. त्यामुळे कार्बनच्या केंद्राभोवतालचा पडदा विरळ होतो आणि केंद्र आपल्या उरलेल्या इलेक्ट्रॉनांना अधिक घट्ट धरते. घरातली बाहेरची मिळकत गेली की कर्ता माणूस माजघरावरची पकड आवळतो, तसे. आकडे बघा. मीथेनमधल्या कार्बनला सुमारे २९०.८. तोच कार्बन अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड झाला की सुमारे २९६.२. पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड झाला की सुमारे २९७.७. सीएनजीच्या टाकीपासून धुराच्या नळीपर्यंतचा कार्बनचा सगळा प्रवास या तीन आकड्यांत आहे.

सीगबान यांच्या गटाचा लाडका रेणू होता एथिल ट्रायफ्लुओरोॲसिटेट. नाव विसरलात तरी चालेल. त्यात चार कार्बन आहेत आणि चौघांचे शेजार चार प्रकारचे. एकाला तीन फ्लुओरीन, एकाला दोन ऑक्सिजन, एकाला एक ऑक्सिजन, आणि चौथ्याला साधे हायड्रोजन. वर्णपटात चार सारखी शिखरे, पहिल्यापासून चौथ्यापर्यंत सुमारे साडेसात इलेक्ट्रॉन-व्होल्टचे अंतर. जणू चार भावांनी रांगेत उभे राहून आपापली नावे सांगितली. दाताच्या दवाखान्यात भूल म्हणून देतात तो नायट्रस ऑक्साइड वायू घ्या. त्याचे दोन नायट्रोजन सुमारे चार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या अंतराने दोन शिखरे देतात. नायट्रोजन-ऑक्सिजन-नायट्रोजन अशी रचना असती तर दोन्ही नायट्रोजन सारखे असते आणि शिखर एकच आले असते. म्हणजे ऑक्सिजन टोकाला आहे, मधे नाही. न बघता घरातली बैठक सांगता आली.

पुन्हा कापराकडे

आता तबकातला कापूर. त्याची वाफ क्ष-किरणांच्या झोतात सोडली तर कार्बनचे एक मोठे शिखर येते आणि जास्त ऊर्जेच्या बाजूला एक छोटे शिखर वेगळे उभे राहते. छोटे शिखर एका कार्बनचे, ज्याला ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला आहे. मोठे उरलेल्या नऊ जणांचे. दहा कार्बन एकसारखे असतात का, या प्रश्नाचे हे उत्तर.

पण कापराची गोष्ट इथे संपत नाही. कापराच्या रेणूची दोन रूपे असतात, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे. आपल्याला हे सांगायला नको; उजव्या सोंडेचा गणपती आरशात पाहिला तर डाव्या सोंडेचा दिसतो. कापराच्या झाडापासून मिळणारा कापूर उजव्या वळणाचा. टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनवलेल्या कापरात साधारणतः दोन्ही वळणे समसमान असतात. २००४ मध्ये हर्गेनहान, पाविस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापराच्या वाफेवर मळसूत्रासारखे फिरणारे, म्हणजे वर्तुळाकार ध्रुवित क्ष-किरण टाकले. त्यांना दिसले की आतल्या कवचातून निघालेले इलेक्ट्रॉन किरणाच्या दिशेने पुढे आणि मागे सारख्या संख्येने जात नाहीत. रेणूचे वळण बदलले की तो कल उलटा होतो.

यात आश्चर्य असे की ते इलेक्ट्रॉन ज्या कवचात होते ते कवच अगदी गोल. गोलाला उजवे-डावे काहीच नसते. मग इलेक्ट्रॉनला वळण कळले कसे? बाहेर पडताना तो सगळ्या रेणूतून वाट काढत गेला आणि रेणूचे वळण घेऊन बाहेर आला. आपण मंडळी दादर, सातारा, नागपूर सोडून इथे आलो. मूळ घराने आपल्याला काय दिले ते आपण आतून सांगू शकणार नाही. पण बाहेर पडताना जे वळण लागले ते दिल्लीकर शेजारी पहिल्या वाक्यातच ओळखतो.

आपली माणसे

हे सगळे युरोपात घडले आणि आपण फक्त वाचले, असा कोणाचा समज होऊ नये. आतल्या कवचाला बोलते करण्याची याहून जुनी एक वाट आहे. इलेक्ट्रॉन न मोजता फक्त एवढे पाहायचे की कोणत्या ऊर्जेला पदार्थ क्ष-किरण एकदम शोषू लागतो. ही शोषणाची कडासुद्धा संयुगानुसार सरकते. थोरल्या सीगबान यांच्या प्रयोगशाळेत १९२० मध्ये बेर्गेनग्रेन यांनी फॉस्फरसवर हे प्रथम दाखवले.

या शास्त्रात मराठी नावे ठिकठिकाणी भेटतात, आणि तीही बहुधा घरापासून दूर. अलाहाबाद विद्यापीठात जी. बी. देवधर, लखनौ विद्यापीठात बी. जी. गोखले. गोखल्यांचा क्ष-किरण रेषांवरचा प्रबंध १९५२ मध्ये फ्रेंच नियतकालिकात छापला गेला. आणि नागपूर विद्यापीठात प्रा. चिंतामणी मांडे. मांडे पॅरिसला इव्हेत कोश्वा यांच्याकडे शिकले. वाकवलेल्या स्फटिकातून क्ष-किरण एकत्र आणणारे वर्णपटयंत्र कोश्वाबाईंच्या नावाने ओळखले जाते. मांडे यांनी ती विद्या नागपुरात रुजवली. स्फटिक, फोटोची पट्टी आणि तासन् तास धीर एवढ्या भांडवलावर त्यांच्या विद्यार्थ्यांनी एकेका संयुगातील कडा किती सरकली ते मोजले. १९८२ मध्ये कोश्वाबाईंच्या गौरवार्थ जो ग्रंथ निघाला त्याचे संपादन क्रिस्तियान बोनेल यांच्यासह मांडे यांनी केले. गुरूच्या गौरवग्रंथावर नागपूरच्या शिष्याचे नाव, यातच सगळे आले.

बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. एन. आर. राव यांच्या गटाने इलेक्ट्रॉन वर्णपटविज्ञान आपल्या देशात रुजवले. इंदूरला, म्हणजे आपल्या होळकरांच्या गावी, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ ही प्रारण देणारी वर्तुळाकार यंत्रे आहेत. पहिले १९९९ मध्ये सुरू झाले. देशभरचे विद्यार्थी तिथे आपले नमुने घेऊन जातात.

माझी एक चूक

आता थोडे स्वतःविषयी. सांगायला संकोच वाटतो, पण तरुण मंडळी बसली आहेत म्हणून सांगतो.

अनेक वर्षांपूर्वी मी आणि माझा एक विद्यार्थी एका सिरॅमिक पदार्थाचा वर्णपट घेत होतो. धातूचे शिखर अपेक्षेपेक्षा दोन इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर आले. आम्ही हरखलो. धातूची नवी अवस्था सापडली! चार महिने त्यावर उपपत्ती रचली, निबंध लिहिला, पाकिटावर पत्ता घालणे तेवढे बाकी होते. उपकरण सांभाळणारे आमचे तंत्रज्ञ शांत स्वभावाचे. त्यांनी सहज विचारले, “साहेब, ऑक्सिजनचे शिखर कुठे आहे? आणि वरच्या मळाच्या कार्बनचे?”

आम्ही पाहिले. ऑक्सिजनही दोनने वर. कार्बनही दोनने वर. सगळेच सारखे सरकले होते. त्याचा अर्थ रसायन बदलले नव्हते. सिरॅमिकमधून वीज वाहत नाही. इलेक्ट्रॉन निघून गेले, भरपाई झाली नाही, नमुन्यावर धन विद्युत्भार साठला आणि तो प्रत्येक इलेक्ट्रॉनला मागे खेचत राहिला. गाडीत बसून बाहेरची झाडे पळताना पाहावी तसे झाले. पुस्तकात ही गोष्ट पहिल्या प्रकरणात असते, मला ती माहीत होती. पण जे हवे होते ते दिसल्यावर मी तपासले नाही. विद्यार्थ्याच्या प्रबंधातले एक प्रकरण काढावे लागले आणि त्याचे एक वर्ष गेले. तो मला कधी काही बोलला नाही. ते वर्ष त्याचे गेले, चूक माझी होती.

हा प्रश्न आजही जगभर शिल्लक आहे. हवेतून प्रत्येक वस्तूवर कार्बनी मळाचा पातळ थर बसतो. त्याचे शिखर २८४.८ वर धरून बाकी सगळे मोजायचे, अशी कित्येक दशकांची वहिवाट आहे. स्वीडनमधल्याच लिंशोपिंग विद्यापीठातील ग्रेचिन्स्की आणि हुल्टमन यांनी दाखवून दिले की हे मळाचे शिखर स्वतःच पदार्थानुसार दोनाहून अधिक इलेक्ट्रॉन-व्होल्ट इकडे-तिकडे होते. ज्या खुंटीला दावे बांधले तीच हलती! आणि शोध लागतात ते बहुधा एक-दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या फरकावर. वायुरूप रेणूंच्या बाबतीत ही अडचण सोडवता येते. तपासायच्या वायूत आर्गॉनसारखा ओळखीचा वायू मिसळतात, दोघांची शिखरे एकाच वेळी घेतात आणि ज्याचे स्थान पक्के ठाऊक आहे त्याच्यापासून मोजतात. साक्षीदाराच्या शेजारी खात्रीचा दुसरा साक्षीदार उभा करायचा.

याचा आपल्याला उपयोग काय?

हा प्रश्न दर वेळी येतो, आणि तो रास्त आहे. घन पदार्थातून न धडकता बाहेर येणारे इलेक्ट्रॉन वरच्या काही नॅनोमीटर थरातलेच असतात. माणसाच्या केसाची जाडी त्याच्या हजारो पट. म्हणून ही पद्धत पृष्ठभागाचे सांगते. आणि गंजणे, चिकटणे, उत्प्रेरकाचे काम, सारे पृष्ठभागावरच घडते.

१९९५ पासून दिल्लीसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक सक्तीचा झाला. धुराच्या वाटेवर बसवलेल्या या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचे बारीक कण असतात. त्यांच्यावर विषारी कार्बन मोनॉक्साइडचा डायऑक्साइड होतो, म्हणजे मघाचे २९६.२ चे २९७.७ होते. हा डबा का निकामी होतो? प्लॅटिनमचे ऑक्साइड झाले का, शिसे किंवा गंधक येऊन बसले का, हे शिखरांच्या जागांवरून सांगता येते. पृष्ठभागावरच्या अशा क्रियांचा पायाभूत अभ्यास करणाऱ्या गेरहार्ड एर्टल यांना २००७ चे नोबेल मिळाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तर डॉ. सी. एस. गोपीनाथ यांच्या गटाने पूर्ण निर्वाताऐवजी थोड्या दाबाच्या वायूत, उत्प्रेरक काम करीत असतानाच, त्याचे इलेक्ट्रॉन मोजले आहेत. दिवाळीनंतर या शहरात श्वास घेणाऱ्या माणसाला हा विषय दूरचा वाटू नये.

शेवटी बालमित्रांसाठी दोन शब्द. आज घरी गेल्यावर कापराचा वास घ्या आणि लक्षात ठेवा की त्याच्या दहा कार्बनांपैकी एकाचे उत्तर वेगळे येते. आणि तुमच्यापैकी जे पुढे प्रयोगशाळेत जातील त्यांनी आमच्या त्या तंत्रज्ञांचा प्रश्न जवळ ठेवावा. मनासारखे उत्तर आले की आधी विचारा, बाकीची शिखरे कुठे आहेत? बुद्धीच्या देवतेसमोर बसून विद्यार्थ्याने याहून मोठे काही मागू नये.



गणपती बाप्पा मोरया!